एका डॉलरचे दान : डॉ. फ्रेडरिक बँटिंग

दात्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते. परंतु दिलेल्या दानाचे पुढे काय झाले, याची विचारपूस क्वचितच होते. इन्सुलिनचे संशोधक डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचे जीवनचरित्र या दृष्टीने मननीय आहे.

१४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१६ मध्ये वैद्यकीय पदवी संपादन करून ते पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले. १९१८ मध्ये स्वतः जखमी असतानाही त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा सोडली नाही. परतल्यावर त्यांनी दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची प्राप्ती अवघी ४ डॉलर होती.

त्या काळी मधुमेही बालकास जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे आयुष्य काही महिन्यांनी लांबविणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग यांनी चार्ल्स बेस्ट या तरुण साहाय्यकासह स्वादुपिंडावर संशोधन आरंभिले. जेम्स कॉलिप यांनी अर्काचे शुद्धीकरण केले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलास मृत्यूच्या दारातून परत आणण्यात यश आले. हे संशोधन श्वानांवरील प्रयोगांतून झाले व पुढे सुमारे साठ वर्षे इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासूनच बनत असे, ही गोष्ट अहिंसाप्रेमी मनास सलते. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पेटंटमधून धन मिळविणे वैद्याच्या व्रताशी विसंगत आहे, अशी बँटिंग यांची धारणा होती. १९२३ मध्ये त्यांनी, बेस्ट यांनी व कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी केवळ १ डॉलर घेऊन विद्यापीठास सुपूर्द केले. कोणा एकाची मक्तेदारी होऊ नये व औषधाची शुद्धता राखली जावी, म्हणून विद्यापीठ त्या हक्काचे जणू विश्वस्त झाले. त्याच वर्षी बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक लाभले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी विमान अपघातानंतर त्यांचे निधन झाले.

दानाची खरी कसोटी पुढेच लागली. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करण्याची युक्ती साधली. ऑक्टोबर १९८० मध्ये जेनेन्टेक कंपनीचा ३५ डॉलरचा समभाग बाजारात येताच तासाभरात ८८ डॉलरवर गेला. गुंतवणूकदारांच्या या उत्साहाला चांगली बाजूही होती : अशाच भांडवलाच्या बळावर १९८२ मध्ये नवे इन्सुलिन आले आणि प्राण्यांवरील अवलंबित्व हळूहळू सुटले.

मात्र दर तिमाहीस वाढता नफा मागणारे भांडवल नव्या पेटंटांच्या आश्रयाने किमतीही वाढवू लागले. अमेरिकेत मोजक्या कंपन्यांच्या हाती बाजार एकवटला आणि मध्यस्थांच्या सवलतींनी छापील किंमत आणखी फुगली. १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरला मिळणारी एका प्रकारची कुपी २०१९ पर्यंत सुमारे २७५ डॉलरची झाली. ज्यांच्याकडे विमा नव्हता, असे कित्येक रुग्ण मात्रा निम्मी करून दिवस काढू लागले, काही दगावले. अखेर लोकमताच्या रेट्याने २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने वृद्धांच्या विमा योजनेत मासिक ३५ डॉलरची मर्यादा घातली आणि कंपन्यांनीही छापील किमती मोठ्या प्रमाणात उतरविल्या.

बँटिंग यांचा त्याग व्यर्थ गेला काय? नाही. पण एकाच्या अपरिग्रहाने समाजाचा परिग्रह संपत नाही, हे त्यातून दिसते. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी औषध कंपन्यांचे वा रुग्णालयांचे समभाग आहेत. लाभांश किती, हे आपण अवश्य पाहावे. परंतु तो कोणाच्या अर्ध्या मात्रेतून तर आला नाही ना, हेही पाहावे. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात धनाचे स्वामी न होता विश्वस्त होण्याचा संकल्प केला, तर त्या एका डॉलरचे मोल आपल्याला उमगले, असे म्हणता येईल.