यादी करणारी मेरी आणि नकाशावर नसलेलं तळं

सहलीला जायचं ठरलं की घरात यादी कोण करतं? आपणच! चिवडा किती, औषधं कोणती, सासूबाईंची शाल, मुलांचे जादा कपडे, शेजारी किल्ली... सगळं आपल्याच डोक्यात. कुठे जायचं ते मात्र बऱ्याचदा दुसरंच कुणीतरी ठरवतं. म्हणूनच मैत्रिणींनो, आज मला तुमची ओळख करून द्यायचीय मेरी शेफरशी. तिने जागाही स्वतः ठरवली आणि यादीही स्वतःच केली. सहलही कसली? घोड्यांवर तंबू नि शिधा लादून, कॅनडाच्या जंगलातून, नकाशावर नसलेल्या एका तळ्याच्या शोधात!

मेरीचा जन्म १८६१चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. घर सुखवस्तू. लहानपणापासून फुलांची चित्रं काढायची आवड. १८८९ साली डॉ. चार्ल्स शेफर यांच्याशी तिचं लग्न झालं. ते तिच्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठे, पेशाने डॉक्टर आणि मनाने वनस्पतींचे वेडे. दर उन्हाळ्यात दोघं कॅनडातल्या रॉकी पर्वतात जायची. ते झाडाफुलांचा अभ्यास करायचे, ती त्यांची चित्रं आणि फोटो काढायची. पण हे सगळं रेल्वे आणि हॉटेलच्या आसपास. जंगलात तंबू ठोकून राहणं, घोड्यावर बसणं याची मेरीला तेव्हा भीतीच वाटायची.

१९०३ साली चार्ल्स गेले. मेरी बेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नाही, आणि नवऱ्याचं वनस्पतींवरचं पुस्तक अर्धवट राहिलेलं. अशा वेळी बाईने काय करायचं असतं, हे सांगणारी माणसं तिकडेही कमी नव्हती हो! मेरीने ठरवलं, हे पुस्तक पुरं करायचं. पण त्यासाठी लागणारी फुलं उंच डोंगरात, आडरानात. तिथे हॉटेल नाही, रस्ता नाही. म्हणजे घोडा आलाच आणि तंबूही आला.

मग चाळिशी उलटलेली ही बाई घोड्यावर बसायला शिकली. बिली वॉरन नावाच्या तरुण वाटाड्याने तिला जंगलात राहायचे धडे दिले. स्ट्युअर्डसन ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मजकूर लिहिला, मेरीने चित्रं आणि फोटो दिले, आणि १९०७ साली पुस्तक बाहेर आलं. नवऱ्याचं काम पुरं झालं. पण एव्हाना डोंगराने तिला बोलावलं होतं, आता तिच्या स्वतःसाठी.

त्याच वर्षी मेरी आणि तिची मैत्रीण मॉली अ‍ॅडम्स यांनी मोठ्या प्रवासाचा बेत आखला. दोन बायका, सोबतीला वाटाडे, आणि महिनोन् महिने जंगलात! ओळखीपाळखीच्यांनी नाकं मुरडली. दोघींनी वाद घालण्यात वेळ घालवला नाही. त्या तयारीला लागल्या.

मला मेरीचं सगळ्यात कौतुक वाटतं ते इथे. वाटेत दुकान नाही, म्हणजे महिनोन् महिन्यांचा शिधा बरोबर हवा. पीठ, खारवलेलं मांस, डाळीसारख्या वाळक्या शेंगा, तांदूळ, सुकवलेले बटाटे, सुकी फळं, चहा, साखर. घोड्याच्या पाठीवर ओझं लादायचं तर दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं, नाहीतर ते सरकतं आणि जनावराची पाठ सोलते. पीठ-साखरेला पाणी लागलं तर उपास! आणि पाणी तर जागोजाग. उन्हाळ्यात बर्फ वितळून नद्या फुगतात, घोड्यांना पोहून पैलतीर गाठावा लागतो. मुक्काम कुठे करायचा, हेही घोडेच ठरवतात. जिथे गवत तिथे तंबू. सकाळी चरायला गेलेली जनावरं शोधून आणली की मगच पुढचा प्रवास.

१९०७चा उन्हाळा असा सरला, पण तळं काही सापडलं नाही. स्टोनी लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, त्या तळ्याला चाबा इम्ने म्हणायचे. परतताना मेरीला सॅमसन बीव्हर हा स्टोनी माणूस भेटला. लहानपणी तो वडिलांबरोबर त्या तळ्यावर गेला होता. त्या आठवणीवरून त्याने कागदावर डोंगर, नद्या, खिंडी रेखून दिल्या. तो कागद मेरीने जिवापाड जपला.

जून १९०८. पुन्हा तयारी. या वेळी सहा माणसं आणि बावीस घोडे. दलदल, पडलेली झाडं, डासांचे थवे. महिना होत आला तरी तळ्याचा पत्ता नाही. नकाशा चुकला की आपण? सगळ्यांचा धीर सुटत चालला. तेव्हा सिड अन्विन हा वाटाडा एकटाच जवळच्या डोंगरावर चढून गेला, आणि तळं दिसल्याची बातमी घेऊनच उतरला. ८ जुलैला मेरी काठावर पोचली. लहानपणच्या आठवणीतून काढलेला तो नकाशा खरा ठरला होता!

आज ते तळं मलीन लेक म्हणून ओळखलं जातं. नावावर जाऊ नका, पाणी निळंशार आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ दुष्ट. तिथली नदी ओलांडणं महाकठीण, म्हणून तिला हे नाव पडलं आणि पुढे ते तळ्यालाही चिकटलं. बावीस किलोमीटर लांबीच्या या तळ्यावर मेरीची मंडळी ओंडक्यांचा तराफा बांधून तीन दिवस फिरली. तळं तिने शोधलं असं पुष्कळदा म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. १८७५ साली रेल्वेचा एक सर्वेक्षकही तिथे पोचला होता, आणि स्टोनींना तर ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. मेरीचा मोठेपणा वेगळाच. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायला ती लाजली नाही, आणि श्रेय द्यायलाही विसरली नाही. १९११ साली आलेल्या तिच्या प्रवासाच्या पुस्तकात सॅमसनच्या त्या नकाशाचा उल्लेख आहे.

सुखाबरोबर दुःखही आलंच. तळं पाहून परतल्यावर थोड्याच काळात, जपानच्या प्रवासात मॉली वारली. मेरी पुन्हा एकटी पडली, पण थांबली नाही. १९११ साली सरकारच्या वतीने तळ्याची मोजणी करायला ती परत गेली. नावेचं लाकूड घोड्यांवर लादून खिंडीपलीकडे नेलं. बरोबर भावजय आणि छोटा भाचा! पुढे ती बॅन्फ या डोंगरातल्या गावी कायमची राहायला आली आणि १९१५ साली बिली वॉरनशी तिने लग्न केलं. तो तिच्याहून बराच लहान होता. १९३९ साली बॅन्फमध्येच तिने शेवटचा श्वास घेतला.

मेरीच्या हाताशी पैसा होता, हे खरं. तो आपल्या सगळ्यांकडे नसतो. पण तिचं धाडस काही आभाळातून पडलं नव्हतं. वजन मोजून, शिधा सुकवून, पट्टे आवळून, माहीतगाराला विचारून तिने ते थोडं थोडं जमवलं. आणि ही कामं तर आपण रोजच करतो की! तेव्हा पुढच्या सहलीची यादी करायला बसाल ना, तेव्हा सगळ्यात वर ठिकाणाचं नाव लिहा. तुम्हाला हवं असलेलं!