माजघरातला विरोध, चावडीवरचा विरोध

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन जवळ आला की आमच्या घरातला एक जुना वाद मला हमखास आठवतो. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ औरंगाबादेतून काँग्रेसतर्फे उभे होते. आजोबांनी त्यांना मत दिले. आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णा, यामुळे इतके चिडले की दोन दिवस आजोबांच्या शेजारी जेवायला बसले नाहीत. संयुक्त महाराष्ट्र नाकारणाऱ्या पक्षात स्वामीजींसारखा माणूस राहतोच कसा, हा अण्णांचा सवाल. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण हा वाद पुढे इतकी वर्षे चालला, की त्यातच मी वाढलो.

स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ चा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक असतानाच, १९३० साली, त्यांनी संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईची शाळा नावारूपाला आणली. भगवी वस्त्रे चढवूनही हा संन्यासी प्रपंचात पडला, तो लोकांच्या. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, तर निजाम सरकारने ती जन्मण्याआधीच बेकायदा ठरवली. स्वामीजींनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये.

बंदी उठताच घरातली भांडणे दिसू लागली. बुर्गुल रामकृष्णराव यांच्या बाजूचे मवाळ निजामाच्या सुधारणांना संधी द्यावी म्हणत. स्वामीजींचा जहाल गट जबाबदार राज्यपद्धतीखेरीज काही घ्यायला तयार नव्हता. अध्यक्षपद स्वामीजींकडे आले, पण तट राहिलेच. समोर निजाम आणि रझाकार उभे असताना आपसातली फूट चव्हाट्यावर आणावी का, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता. शत्रूला आयते कोलीत मिळणार होते. तरी स्वामीजींनी मतभेद झाकले नाहीत. भारतात विलीनीकरणाची हाक मात्र त्यांनी संघटनेच्या नावाने दिली आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वातंत्र्याचा सण साजरा करत असताना, ते पुन्हा तुरुंगात गेले.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबाद मुक्त झाले आणि जहालांच्या घरातच वाटण्या झाल्या. गोविंदभाई श्रॉफ हे स्वामीजींचे उजवे हात. पण डाव्या विचारांच्या सहकाऱ्यांसह ते काँग्रेसबाहेर पडले. स्वामीजी आत राहिले. दोघांना मराठवाड्याचे भलेच हवे होते. एकाने उंबरठा ओलांडला, दुसऱ्याने नाही.

आत राहणे म्हणजे गप्प राहणे नव्हे, हे भाषावार प्रांतांच्या वेळी दिसले. हैदराबाद संस्थान मोडू नये, तिथली मिश्र संस्कृती टिकावी, असे पंडित नेहरूंचे मत होते. ते पंतप्रधान आणि काही काळ काँग्रेसचे अध्यक्षही. अशा नेत्याविरुद्ध त्यांच्याच पक्षातून बोलायला छाती लागते. स्वामीजींनी त्रिभाजनाचा आग्रह धरला, आणि तो केवळ बंद दाराआड नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबादचे तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात, कन्नड जिल्हे म्हैसुरात आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले.

पण ते मुंबई राज्य द्वैभाषिक होते आणि अण्णांची खरी ठेच तिथेच होती. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला पाणी पाजले. औरंगाबादेत स्वामीजी काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आले. आजोबा म्हणत, आतून पटवणारा कुणी हवा की नको? अण्णा म्हणत, आतल्या कुजबुजीने दिल्ली हलत नाही.

आज मला वाटते, दोघांचेही अर्धे खरे होते. १ मे १९६० चा महाराष्ट्र रस्त्यावरच्या रेट्याशिवाय आला नसता, हे अण्णांच्या पदरात टाकावेच लागेल. पण साडेतीन वर्षांआधीचे त्रिभाजन आतल्या माणसांनी उघडपणे बोलल्यामुळे सोपे झाले, हे आजोबांचेही खोटे नव्हते. खरी रेघ आत आणि बाहेर यांच्यात नसावी. ती बोलणारा आणि झाकणारा यांच्यात असावी. जो फक्त बैठकीत कुजबुजतो आणि सभेत माना डोलावतो, त्याच्या विरोधाचा हिशेब कुणालाच लागत नाही, ना पक्षाला, ना मतदाराला.

१९६२ नंतर स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणातून दूर झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली. ती उभी करण्यात पुढाकार होता पक्ष सोडून गेलेल्या गोविंदभाईंचा.

स्वामीजी गेल्याची बातमी रेडिओवर आली, त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. सकाळी पहिला चहा अण्णांनी केला आणि कप आजोबांपुढे ठेवला, असे आजी सांगायची. वाद मात्र त्यानंतरही मिटला नाही.