खेकड्याचे घड्याळ आणि प्राध्यापक ब्राऊन



शाळेने आपल्याला काय दिले यावर दोन-तीन पाने लिहा, असे स्मरणिका समितीने कळवले. मी मात्र एका अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहून पाठवत आहे. शहापूर-मुरबाडच्या शाळेच्या स्मरणिकेत त्याचे काय काम, असे वाटेल. शेवटपर्यंत वाचलेत तर आपली शाळा त्यात सापडेल.

आधी दोन आठवणी सांगतो. नववीत विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाला वालाचे बी दिले होते. वर्गाच्या खिडकीत कुंड्या ठेवायच्या आणि पंधरा दिवस रोज रोपाची उंची मोजून वहीत लिहायची. मी ती तीन दिवस मोजली. उरलेले बारा आकडे वही द्यायच्या आदल्या रात्री घरी बसून भरले. आलेख इतका सुबक आला की मलाच कौतुक वाटले. सरांनी वही पाहिली आणि दोन तारखांभोवती लाल गोल काढले. दोन्ही रविवार होते. शाळेला कुलूप असताना रोप कोणी मोजले, एवढेच त्यांनी विचारले. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी हसले होते, मला आठवते. सरांनी मारले नाही. खरे मोजलेले आकडे ठेवून बाकीचे खोडायला सांगितले. पानावर तीन आकडे उरले.

दुसरी आठवण खेकड्यांची. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्याला वलगणीचे मासे चढू लागले की बाबा रात्री बत्ती घेऊन निघत. मागे पिशवी धरायला मी. अंधाऱ्या पंधरवड्यातला खेकडा भरलेला असतो आणि चांदण्यातला पोकळ निघतो, असे बाबा नेहमी सांगत. मुरबाडकडून वसतिगृहात राहायला आलेल्या मुलांच्या घरीही हेच म्हणत. खरे की खोटे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता.

पुढे मी आसनगावहून लोकलने कॉलेजला जाऊ लागलो. प्राणिशास्त्र घेतले होते. ग्रंथालयात प्राण्यांच्या शरीरक्रियांवर एक जाडजूड पुस्तक होते. त्याला पुस्तकाच्या नावाने कुणी ओळखत नसे, सगळे त्याला ‘प्रॉसर आणि ब्राऊन’ म्हणत. त्या काळी प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, हे जोडनाव त्याला ठाऊक असेल. त्यातले ब्राऊन म्हणजे फ्रँक ब्राऊन.

ब्राऊन यांचा जन्म १९०८ चा. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९३७ पासून शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवले. उन्हाळा आला की ते अटलांटिक किनाऱ्यावरच्या वूड्स होल या गावी जात. तेथे सागरी जीवांच्या अभ्यासाची नामांकित प्रयोगशाळा आहे. खेकडे, कोळंबी यांच्या अंगाचा रंग कशामुळे बदलतो, हा त्यांचा सुरुवातीचा विषय. या प्राण्यांच्या डोळ्यांच्या देठातून निघणारी संप्रेरके रंगपेशींवर काम करतात, हे समजून घेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. या कामावर त्यांचे नाव झाले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे आयुष्य सुखात गेले असते.

खाडीच्या चिखलात एक छोटा खेकडा असतो. नराची एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच मोठी असते. त्याला फिडलर खेकडा म्हणतात. त्याचे भाऊबंद आपल्या ठाण्याच्या खाडीतही आहेत. तिकडचा हा खेकडा दिवसा गडद होतो आणि रात्री फिकट. ब्राऊन यांनी खेकडे अंधाऱ्या खोलीत ठेवले. सूर्य दिसत नसतानाही ते रोज ठरल्या वेळी गडद आणि ठरल्या वेळी फिकट होत राहिले.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मार्गरीट वेब यांनी तापमान बदलून पाहिले. हे काम १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीरातल्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेगात होतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्या हिशेबाने खेकड्याचे घड्याळ उन्हात पुढे आणि थंडीत मागे पडायला हवे. पण ६ अंश, १६ अंश, २६ अंश, कुठेही फेरा चोवीस तासांचाच राहिला. शून्य अंशाजवळ नेले तेव्हा घड्याळ बंद पडले. पुन्हा ऊब मिळाली तेव्हा ते जिथे थांबले होते तिथून पुढे चालू झाले.

ब्राऊन विचारात पडले. उष्णतेला दाद न देणारे घड्याळ मांसाच्या आणि रसायनांच्या शरीरात कसे असेल? हे घड्याळ शरीरात नसावेच, पृथ्वीच्या फिरण्यातून मिळणाऱ्या एखाद्या सूक्ष्म इशाऱ्यावर प्राणी चालत असावेत, असे त्यांना वाटू लागले. भिंतीआड, अंधारातही पोचणारा इशारा. हवेचा दाब असेल, पृथ्वीचे चुंबकत्व असेल, चंद्राची ओढ असेल.

१९५४ मध्ये कालवांचा प्रयोग आला. आपल्याकडच्या कोळी बांधवांचा हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. भरती आली की कालवे शिंपले उघडतात. ब्राऊन यांनी न्यू हेवनच्या किनाऱ्यावरची कालवे इव्हान्स्टनला आणली. हे गाव त्या समुद्रापासून हजार किलोमीटरांहून दूर. कालवे अंधारात ठेवली. तेथे भरती नाही, ओहोटी नाही. पहिले दोन आठवडे ती न्यू हेवनच्या भरतीच्या वेळेलाच जास्त उघडत होती. मग त्यांची वेळ हळूहळू सुमारे तीन तासांनी सरकली. नवी वेळ इव्हान्स्टनमध्ये चंद्र डोक्यावर येण्याच्या वेळेशी जुळत होती. तेथे समुद्र असता तर भरती जेव्हा आली असती, त्या वेळेशी.

ब्राऊन यांना यात पुरावा दिसला. बाकीच्यांना पंधरा कालवे दिसली. एवढ्या थोड्या जीवांवरून चंद्रापर्यंत कसे जायचे? जर्मनीतले ब्युनिंग, अमेरिकेतले पिटेंड्राय हे मोठे संशोधक घड्याळ शरीराच्या आतच आहे या मताचे होते.

१९५७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे लॅमाँट कोल यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला, एकशिंगी घोड्याच्या जैविक घड्याळावर! असा प्राणी नसतोच. कोल यांनी यादृच्छिक आकड्यांचा तक्ता घेतला, म्हणजे लॉटरीच्या सोडतीसारखे कसेही आलेले आकडे. ते त्या प्राण्याच्या श्वसनाचे आकडे आहेत असे मानले आणि ब्राऊन जशी सरासरी काढत तशी काढली. त्यातूनही रोजचा सुंदर ताल निघाला. सगळे क्षेत्र हसले. नववीच्या वर्गात मी उभा होतो तेव्हा हसला होता तसाच तो वर्ग.

पण माझ्यात आणि ब्राऊन यांच्यात एक फरक होता. माझ्याकडे आकडे नव्हतेच. त्यांच्याकडे ढीग होता आणि तो खरा मोजलेला होता. चूक असली तर अर्थ लावण्यात होती.

ते मागे हटले नाहीत. १९६० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जैविक घड्याळांवर मोठी परिषद भरली. बहुतेक सभा विरुद्ध मताची असताना ब्राऊन यांनी आपले म्हणणे मांडले. दोन वर्षांनी कार्ल हॅमनर आणि सहकाऱ्यांचा दक्षिण ध्रुवावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. फिरत्या चकतीवर हॅमस्टर, फळमाश्या, बुरशी ठेवून, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम जणू पुसून टाकला होता. तरीही त्यांचे ताल चालूच राहिले. ब्राऊन यांच्या विरुद्ध पारडे आणखी जड झाले.

त्याच काळात ते चिखलातल्या गोगलगायींजवळ लोहचुंबक फिरवून त्या किती वळतात ते मोजत बसले होते. प्राण्यांना चुंबकत्व कळते हे तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते. त्याच दशकात जर्मनीत रॉबिन पक्ष्यांवर प्रयोग झाले आणि पक्षी चुंबकत्वावरून दिशा ओळखतात हे दिसले. आज त्याबद्दल शंका उरलेली नाही. म्हणजे हसणारेही सगळ्याच बाबतीत बरोबर नव्हते.

मला सर्वांत आवडते ती १९७० ची गोष्ट. त्या वर्षी जैविक घड्याळावर एक लहानसे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच दोन मते असल्याचे म्हटले आहे. घड्याळ बाहेरून चालते हे ब्राऊन यांनी लिहिले, आत आहे हे हेस्टिंग्ज यांनी. तिसरे लेखक पामर, ब्राऊन यांचेच विद्यार्थी. दोन विरोधकांनी एकाच पुस्तकात शेजारी बसून लिहावे आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोडावा, हे आपल्या सार्वजनिक आयुष्यात किती वेळा घडते?

ब्राऊन १९८३ मध्ये गेले. आपण दहावी झालो तेच वर्ष. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कोलंबिया यानातून एक बुरशी अवकाशात गेली. पृथ्वी सोडल्यावरही ताल टिकतो का, हेच पाहायचे होते. ताल टिकला, पण काहीसा डगमगला. मुख्य वादात ब्राऊन हरले. घड्याळ पेशींच्या आत, जनुकांत आहे हे पुढे माशीवरच्या कामातून उलगडत गेले आणि त्यासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. भरती-ओहोटीच्या घड्याळाचा शोध मात्र अजून चालू आहे. ब्राऊन यांनी फिडलर खेकड्यात जे मोजले, उष्णतेलाही न बधणारा तो ताल, तो पक्का ठरला.

आपल्या देशातही हे काम झाले. एम. के. चंद्रशेखरन यांनी मद्रासच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या खेकड्यासारख्या एका प्राण्यात भरतीचा ताल मोजला आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मदुराईला त्यांनी या विषयाची मोठी शाळा उभी केली.

आता माझे सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबांना सुनावले की अमावास्येचा खेकडा, पौर्णिमेचा खेकडा ही सगळी अंधश्रद्धा आहे. कॉलेजात शिकत होतो, तेवढा माज होता. बाबा वाद घालत नसत. पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री त्यांनी दोन खेकडे आणले, आईने रस्सा केला, आणि बाबांनी मला जेवून घ्यायला सांगितले. मी जेवलो. ते खेकडे भरलेले होते की पोकळ, मला आज आठवत नाही. मी पाहिलेच नव्हते. माझे मत ठरलेले होते.

बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्त झालो. खेकडा कात टाकतो तेव्हा काही दिवस आतून पाणथळ, पोकळ असतो, हे मी मुलांना शिकवले. ती कात आपल्या ओढ्यातले खेकडे चंद्राच्या हिशेबाने टाकतात का, हे मी कधी मोजले नाही. बाबा बरोबर होते की चूक, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. माझ्याकडे एकाही खेकड्याचे वजन नाही. हरलेल्या ब्राऊन यांच्याकडे वह्यांचे ढीग होते, आणि जिंकलेल्या बाजूने उभा राहून बाबांना हसणाऱ्या माझी वही कोरी होती.

म्हणून मेळाव्याला येताना एक विनंती घेऊन येतो आहे. आपल्यातले बरेच जण अजून गावी शेती करतात. भातसा, काळू, शाईच्या काठाला ज्यांची शेते आहेत त्यांनी येत्या पावसाळ्यात एक वही घालावी. तारीख, तिथी, खेकड्याच्या पाठीची रुंदी आणि वजन, चार रकाने पुरेत. नातवंडांना हाताशी घ्या. जे खायला आणाल तेच मोजा, त्यासाठी वेगळे पकडू नका. पुढच्या मेळाव्याला सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि सरांच्या हाती देऊ.

एकच अट आहे, आणि ती सरांचीच आहे. ज्या रात्री मोजले नाही, त्या रात्रीचा रकाना कोरा ठेवायचा.