विजय हजारे

विजय सॅम्युएल हजारे (जन्म : ११ मार्च १९१५, सांगली, मृत्यू : १८ डिसेंबर २००४, वडोदरा) हे भारतीय क्रिकेटपटू आणि भारताच्या कसोटी संघाचे कर्णधार होते. उजव्या हाताने फलंदाजी आणि मध्यमगती गोलंदाजी करणारे हजारे हे कसोटी क्रिकेटमध्ये एक हजार धावा पूर्ण करणारे पहिले भारतीय होत. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारे पहिले भारतीयही तेच. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे आपला पहिला कसोटी विजय मिळवला.

हजारे यांची कारकीर्द भारतीय क्रिकेटच्या एका मोठ्या स्थित्यंतराच्या काळात घडली. त्यांच्या तारुण्यात मुंबईतील सर्वांत लोकप्रिय सामने धर्मावर आधारलेल्या संघांमध्ये होत. रणजी करंडकात प्रांत आणि संस्थाने आपापले संघ उतरवीत, आणि देशाचा संघ परकीय राजवटीखालील भारताचे प्रतिनिधित्व करी. हजारे या तिन्ही प्रकारच्या संघांतून खेळले. खेळाडू कोणत्या संघाचा आणि प्रेक्षक कोणाच्या बाजूचा, हे त्या काळी कशावरून ठरत असे, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते.

बालपण आणि सांगली

हजारे यांचा जन्म पटवर्धनांच्या सांगली संस्थानात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळाशिक्षक होते आणि भावंडे पुष्कळ होती. घरची स्थिती बेताची होती. सातारा-सांगली हा कृष्णाकाठचा मुलूख कुस्तीसाठी प्रसिद्ध होता. गावोगावी तालमी होत्या आणि लोकांची निष्ठा आपल्या गावच्या मल्लावर असे. क्रिकेट तेथे संस्थानी दरबार, शाळा आणि जिमखाना यांच्या परिघातच होते. अशा वातावरणातून पुढे आलेल्या हजारे यांनी १९३४-३५ च्या हंगामात महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्यांचे धाकटे बंधू विवेक हजारे हेही प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले.

संस्थानी आश्रय

त्या काळी भारतात केवळ क्रिकेट खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. खेळाडूंना मानधनाची शाश्वती नसे, म्हणून गुणी खेळाडू बडोदे, इंदूर, नवानगर, पतियाळा अशा संस्थानांच्या नोकरीत शिरत. नोकरी दरबारातील किंवा लष्करातील असे. प्रत्यक्षात मुख्य अपेक्षा संस्थानाच्या संघाकडून खेळण्याची असे. आजच्या व्यावसायिक संघांत मालक जे काम करतात, तेच काम तेव्हा संस्थानिक करीत.

हजारे यांना आरंभी देवासच्या महाराजांचा आश्रय लाभला आणि ते काही वर्षे मध्य भारताच्या संघाकडून खेळले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना याच काळात मिळाले. हजारे बॅट धरताना दोन्ही हातांमध्ये अंतर ठेवीत. शास्त्रशुद्ध फलंदाजीच्या कल्पनेत ते बसत नसे; पण ग्रिमेट यांनी ही सवय मोडण्याचा आग्रह धरला नाही. बचाव भक्कम, स्वभाव शांत आणि कव्हर ड्राइव्ह देखणा, अशी त्यांच्या फलंदाजीची ओळख पुढे झाली.

१९३९-४० मध्ये ते पुन्हा महाराष्ट्राकडून खेळू लागले. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यांपैकी पहिल्या हंगामात हजारे यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक होते आणि ते बडोद्याच्या संघाविरुद्ध झाले होते. पुढे थोड्याच काळात हजारे त्याच बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू झाले आणि १९४१ पासून निवृत्तीपर्यंत बडोद्याकडूनच खेळले.

पंचरंगी सामने आणि 'रेस्ट' संघ

मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामन्यांपासून सुरू झालेली स्पर्धा १९०७ मध्ये हिंदू संघाच्या प्रवेशाने तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाली. पाचव्या संघाचे नाव होते 'द रेस्ट', म्हणजे उरलेल्यांचा संघ. हिंदू, मुस्लिम, पारशी वा युरोपियन या चौकटींत न बसणारे भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू इत्यादी खेळाडू त्यात असत. इतर संघांमागे स्वतःचे जिमखाने आणि मोठा समाज उभा होता. रेस्ट संघाला असा एकसंध पाठीराखा वर्ग नव्हता. धर्माने ख्रिस्ती असल्यामुळे हजारे या संघात गेले.

या सामन्यांना लोटणारी गर्दी ही स्पर्धेची ताकद होती आणि तिची अडचणही. जिमखाने आणि मैदानाचे मालक यांच्यात आसनांच्या वाटपावरून वाद होत. १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने आपला संघ स्पर्धेत उतरवला नाही. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी महात्मा गांधींना भेटले, तेव्हा त्यांनी धर्मावर आधारलेल्या संघांबद्दल आपली नापसंती स्पष्ट केली. त्यानंतर या स्पर्धेच्या बाजूने आणि विरोधात वृत्तपत्रांतून बराच वाद झडला. विरोधकांच्या मते ही स्पर्धा समाजात दुही पेरत होती. समर्थकांच्या मते मैदानावरील चुरस ही मैदानापुरतीच राहत होती.

या वादाच्या काळातच १९४३-४४ ची स्पर्धा झाली. विजय मर्चंट यांच्या नावावर असलेला नाबाद २४३ धावांचा स्पर्धेतील विक्रम हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा करून मोडला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो परत घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. रेस्ट संघ पहिल्या डावात १३३ धावांत बाद झाला, त्यांपैकी ५९ हजारे यांच्या होत्या. फॉलोऑननंतर ५ बाद ६० अशी अवस्था झाली असता विजय आणि विवेक हे हजारे बंधू एकत्र आले. त्यांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा केवळ २१ धावांचा होता. एक बाजू लावून धरणे हेच त्यांचे काम होते. विजय हजारे यांनी ३०९ धावा केल्या आणि संघाचा डाव ३८७ वर संपला. संघाच्या सुमारे ८० टक्के धावा एकाच फलंदाजाच्या होत्या. रेस्टचा १ डाव आणि ६१ धावांनी पराभव झाला; परंतु हा सामना विजेत्यांपेक्षा पराभूत संघाच्या फलंदाजासाठी अधिक स्मरणात राहिला. मर्चंट श्रेष्ठ की हजारे, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे क्रिकेटरसिकांच्या चर्चेचा विषय होता. या चर्चेत दोघांचा धर्म गौण ठरत असे, हे लक्षणीय आहे.

१९४५-४६ नंतर पंचरंगी सामने बंद झाले. रेस्ट संघाला ही स्पर्धा एकदाही जिंकता आली नाही.

बडोदे आणि ५७७ धावांची भागीदारी

बडोदे संघाची ओळख धर्मावर आधारलेली नव्हती. संस्थानाच्या सेवेत असलेला गुणी खेळाडू, मग तो कोणत्याही गावचा वा धर्माचा असो, त्या संघाचा होता. सांगलीचे हजारे, पुण्याचे हेमू अधिकारी आणि लाहोरचे गुल महंमद हे सारे बडोद्याचे झाले.

मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाविरुद्ध झाला. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत बाद झाले असता हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद यांनी ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा केल्या. बडोद्याने ७८४ धावा उभारून सामना १ डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागीदारी हा तिचा मान २००६ पर्यंत अबाधित होता. त्या वर्षी श्रीलंकेच्या कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागीदारी करून तो मोडला.

ज्या महिन्यात एक ख्रिस्ती आणि एक मुस्लिम फलंदाज एका हिंदू संस्थानिकाच्या संघासाठी हा विक्रम रचत होते, त्याच महिन्यात पंजाबात जातीय दंगलींचा आगडोंब उसळला होता. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद भारताकडून कसोटी खेळले, नंतर पाकिस्तानात स्थायिक झाले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले.

हजारे यांच्या काळात बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५० आणि १९५७-५८ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान विलीन झाल्यावरही संघाचे नाव टिकले आणि हजारे त्याच संघात राहिले.

कसोटी कारकीर्द

हजारे यांनी जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. १९४७-४८ मध्ये लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालील संघासह ते ऑस्ट्रेलियाला गेले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीत त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले आणि रे लिंडवॉल यांनी ७ बळी घेतले. अधिकारी यांनी हजारे यांना साथ दिली. तरीही भारत एका डावाने हरला. याच दौऱ्यात हजारे यांनी सिडनी आणि ॲडलेड येथे डॉन ब्रॅडमन यांचा दोनदा त्रिफळा उडवला.

फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठी ३६१ धावा हव्या असताना हजारे यांनी १२२ धावा केल्या. वेळ संपली तेव्हा भारत ८ बाद ३५५ वर होता. पहिला कसोटी विजय अवघ्या सहा धावांनी हुकला.

कर्णधारपद

१९४९ मध्ये नियामक मंडळ आणि कर्णधार अमरनाथ यांच्यातील वादातून अमरनाथ यांच्यावर कारवाई झाली. कर्णधारपद हे तेव्हा मंडळातील गटबाजीचे केंद्र बनले होते. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेसाठी ते हजारे यांच्याकडे आले. दिल्लीत नाबाद १६४ आणि मुंबईत १५५ धावा करून त्यांनी मालिकेची सुरुवात केली. मद्रासच्या पाचव्या कसोटीत विनू मंकड यांनी १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली आणि भारत १ डाव व ८ धावांनी जिंकला. भारताचा हा २५ वा कसोटी सामना होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. मंकड यांचा लँकेशायरमधील एका क्लबशी व्यावसायिक करार होता. संघात निवड होईल अशी हमी मंडळाने आधी द्यावी, अशी त्यांची मागणी होती. मंडळाने ती अमान्य केली आणि संघ मंकड यांच्याविना रवाना झाला. लीड्सच्या पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले. हजारे यांनी त्या सामन्यात ८९ आणि ५६ धावा केल्या. पराभवानंतर मंकड यांना क्लबकडून मागून घ्यावे लागले. मालिका भारताने ३-० अशी गमावली.

पुढच्या हंगामात पाकिस्तानविरुद्ध कर्णधारपद पुन्हा अमरनाथ यांना मिळाले आणि हजारे त्यांच्या हाताखाली खेळले. मुंबईत त्यांनी नाबाद १४६ धावा केल्या. लगेच नंतर १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर ते पुन्हा कर्णधार होते. तीच त्यांची शेवटची मालिका ठरली. १४ कसोटींतील नेतृत्वात १ विजय, ५ पराभव आणि ८ अनिर्णित सामने अशी त्यांची नोंद आहे. मितभाषी हजारे यांना मंडळातील राजकारण मानवले नाही आणि नेतृत्वाच्या ओझ्याने त्यांची फलंदाजी आकसली, असे मत अनेक समीक्षकांनी मांडले आहे.

१९५२ हे वर्ष कृष्णाकाठासाठी दुहेरी महत्त्वाचे ठरले. फेब्रुवारीत सांगलीच्या हजारे यांनी देशाला पहिला कसोटी विजय मिळवून दिला आणि जुलैत सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. खाशाबांसाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमवली होती आणि परतल्यावर शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. हजारे यांचे खेळाडू म्हणून आयुष्य मात्र जन्मगावापासून दूर, आश्रयदात्या संस्थानात गेले. एकाच नदीकाठचे हे दोन खेळाडू संघनिष्ठेचे दोन वेगळे मार्ग दाखवतात.

उत्तरायुष्य आणि वारसा

१९६० मध्ये हजारे यांना पद्मश्री सन्मान मिळाला. काही काळ त्यांनी राष्ट्रीय निवड समितीवर काम केले. 'अ लाँग इनिंग्ज' हे त्यांचे आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घ आजारानंतर वयाच्या ८९ व्या वर्षी वडोदरा येथे त्यांचे निधन झाले.

राज्य संघांच्या राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेस विजय हजारे करंडक असे नाव देण्यात आले आहे. उरलेल्यांच्या संघातून नावारूपाला आलेल्या या फलंदाजाच्या नावाच्या करंडकासाठी आज देशातील सर्व राज्यांचे संघ खेळतात. त्यांत हजारे ज्यांच्याकडून खेळले ते महाराष्ट्र आणि बडोदा हे दोन्ही संघ आहेत.

कारकिर्दीची आकडेवारी

कसोटी : ३० सामने, २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, ७ शतके, २० बळी.

प्रथम श्रेणी : २३८ सामने, १८,७४० धावा, सरासरी ५८.३८, ६० शतके, सर्वोच्च नाबाद ३१६, ५९५ बळी.