सौम्य आवाजाचा गायक : जिम रीव्हज

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या भाषा एकाच अंगणात नांदतात. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातला माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी बोलतो आणि शेजाऱ्याशी दखनीत गप्पा मारतो. गाण्याच्या बाबतीत तर आम्ही भाषेचा फारसा विचार करीतच नाही. चाल मनाला भिडली की शब्द मागाहून येतात. म्हणूनच एका अमेरिकन गायकाचा आवाज आमच्या कित्येक ख्रिस्ती घरांत परका राहिला नाही. कोणी तो रेडिओ सिलोनवर ऐकला, कोणी हैदराबाद-सोलापूरहून सुट्टीला आलेल्या मुलाने आणलेल्या कॅसेटवर. त्या गायकाचे नाव जिम रीव्हज. त्यांच्या निवडक गाण्यांचे संग्रह पुष्कळांनी ऐकले आहेत. त्यांचे चरित्र मात्र थोड्यांना ठाऊक आहे. ते येथे थोडक्यात देत आहोत.

जिम रीव्हज यांचा जन्म २० ऑगस्ट १९२३ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅलोवे या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. जिम वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा वडील वारले. पदरी बरीच मुले आणि हाताशी थोडीशी शेती, अशा स्थितीत आईने संसार ओढला. त्या भागातले लोक गिटार आणि फिडल यांच्या साथीवर आपली सुखदुःखे गात. याच गावरान संगीताला पुढे ‘कंट्री’ हे नाव पडले. आपल्याकडे शेतावरून परतल्यावर मंडळी भजनाला किंवा तत्त्वपदांना बसतात, तशातलाच तो प्रकार. लहानग्या जिमला गिटारचे वेड लागले ते याच वातावरणात.

परंतु त्यांचे पहिले स्वप्न गाण्याचे नव्हते. ते बेसबॉल उत्तम खेळत. खेळाच्या शिष्यवृत्तीवर ते टेक्सास विद्यापीठात गेले, पण शिक्षण लवकरच सोडून ह्यूस्टनच्या जहाजाच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे एका नामांकित संघाच्या दुय्यम चमूत त्यांना चेंडू फेकणारा म्हणून जागा मिळाली. दोन-तीन हंगाम झाले आणि पायाच्या शिरेला इजा होऊन खेळ कायमचा सुटला. १९४७ साली मेरी व्हाइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चोविशीतल्या त्या तरुणापुढे आता काय करावे हा प्रश्न उभा होता.

एका लहान रेडिओ केंद्रावर त्यांना निवेदकाची नोकरी मिळाली. बातम्या वाचणे, जाहिराती सांगणे, रेकॉर्डी लावणे हे त्यांचे काम. वरवर पाहता ही माघार होती. पण मायक्रोफोनपुढे कसे बोलावे, न दिसणाऱ्या श्रोत्याशी कसे जवळीक साधावी, हे त्यांना या नोकरीनेच शिकविले. १९५३ साली त्यांचे ‘मेक्सिकन जो’ हे गाणे कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते गाणे उडत्या चालीचे, मौजेचे होते आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे रीव्हजही ते मोठ्या आवाजात गात.

१९५५ मध्ये ते आरसीए व्हिक्टर या मोठ्या कंपनीकडे आले. तेथे चेट ॲटकिन्स हे गिटारवादक ध्वनिमुद्रणाची देखरेख करीत. १९५७ साली ‘फोर वॉल्स’ हे गाणे गाताना रीव्हज मायक्रोफोनच्या अगदी जवळ गेले आणि आवाज चढविण्याऐवजी त्यांनी तो खाली आणला. जणू समोरच्या खुर्चीत बसलेल्या एकट्या माणसाशी हलकेच बोलावे तसे ते गाणे झाले. ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यांची वाट ठरली. फिडलच्या जागी व्हायोलिनांचा मंद मेळ, मागे कोरसाचे स्वर आणि पुढे हा खोल, शांत आवाज, अशी ‘नॅशव्हिल’ धाटणी घडविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची हकिगत मोठी बोधप्रद आहे. १९५९ च्या अखेरीस त्यांची एक रेकॉर्ड निघाली. कंपनीने जे गाणे चालेल असे मानले होते ते एका बाजूस होते. दुसऱ्या बाजूस ‘हील हॅव टू गो’ हे गाणे केवळ जोडीला दिले होते. रेडिओवरच्या निवेदकांनी रेकॉर्ड उलटली. ते मागच्या बाजूचे गाणे १९६० साली कंट्री यादीत चौदा आठवडे पहिले राहिले आणि समुद्रापार पोहोचले. कोणते गाणे उत्तम, हे जाणकारांना नेहमीच आधी कळते असे नाही.

पुढे १९६२ व १९६३ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे दौरे केले. तेथील आफ्रिकान्स भाषा त्यांना येत नव्हती. केवळ उच्चार पाठ करून त्यांनी त्या भाषेत गाणी ध्वनिमुद्रित केली. युरोपात नॉर्वेमध्ये, आशियात भारत आणि श्रीलंकेत त्यांचे चाहते वाढले. या धांदलीतही त्यांनी उपासनेच्या गीतांकडे पाठ फिरविली नाही. १९५८ मध्ये ‘गॉड बी विथ यू’, १९६२ मध्ये ‘वी थँक दी’ आणि १९६३ मध्ये नाताळाच्या बारा गीतांची तबकडी अशी त्यांची कामगिरी आहे.

३१ जुलै १९६४ रोजी ते स्वतः लहान विमान चालवीत नॅशव्हिलला परतत होते. बरोबर त्यांचे पियानोवादक डीन मॅन्युएल होते. शहर जवळ आले असता विमान वादळी पावसात सापडले आणि झाडीत कोसळले. शोध दोन दिवस चालला. २ ऑगस्टला दोघांचेही मृतदेह मिळाले. रीव्हज तेव्हा चाळीस वर्षांचे होते. टेक्सासमधील कार्थेज गावाजवळ त्यांना पुरण्यात आले.

येथे बहुतेक गायकांची कथा संपते. रीव्हज यांची संपली नाही. पत्नी मेरी यांनी मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे जपली आणि ती वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत राहतील अशी व्यवस्था केली. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे गाणे त्यांनी नमुन्यादाखल म्हणून गायिले होते. मृत्यूनंतर त्याला वाद्यमेळाची जोड देण्यात आली आणि १९६६ साली ते इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९६७ मध्ये कंट्री संगीताच्या सन्माननीयांत त्यांची गणना झाली. त्यांच्या उत्तम गाण्यांचा संग्रह १९६४ मध्ये निघाला. पाठोपाठ १९६६ मध्ये दुसरा आणि १९६९ मध्ये तिसरा भाग आला. १९७५ साली तर चाळीस गाण्यांचा एक संग्रह इंग्लंडात सर्व तबकड्यांत पहिला ठरला. गायकाला जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मेरी १९९९ साली वारल्या.

अशा संग्रहांचा एक गुण आहे आणि एक उणीवही आहे. ज्याच्याजवळ एकच तबकडी घेण्याइतके पैसे आहेत, त्याला त्या एकाच तबकडीत गायकाची ओळख होते. पण निवड करणारा खपाचे आकडे पाहतो. यशामागून यश असे ते संग्रह वाचतात. वडिलांविना गेलेले बालपण, मोडलेला खेळ, रेडिओवरची साधी नोकरी त्यांत दिसत नाही. आणि त्यांत भर असतो तो प्रेमगीतांवर. मद्यगृहातून प्रेयसीला टेलिफोन करणाऱ्या पुरुषाचे गाणे घरात नको, असे म्हणणारे वडीलधारे आमच्याकडेही होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे आम्हांला वाटत नाही.

तरी त्याच घरांत त्याच आवाजातली नाताळाची गीते सर्वांनी मिळून ऐकली. आजी-आजोबांना इंग्रजी येत नसे. चाल मात्र त्यांना ओळखीची असे, कारण त्यांपैकी काही चालींवर आपण आपल्या भाषेत देवाची स्तुती करतो. रीव्हज यांनी परकी भाषा उच्चारावरून पाठ केली, आणि आमच्या माणसांनी त्यांची भाषा स्वरांवरून ओळखली. दोन्हीकडे शब्दांची अडचण होती, पण ती आड आली नाही.

माणसाचे उत्तम काम कोणते, हे त्याच्या हयातीत ठरत नाही, आणि खपाच्या यादीवरूनही ठरत नाही. ज्याला जगाने दुसरी बाजू म्हणून मागे ठेवले, तेच कधी कधी पुष्कळांच्या उपयोगी पडते. आज तबकड्या आणि कॅसेटी माळ्यावर गेल्या. तीच गाणी मुले मोबाईलवर ऐकतात. त्यांना गाजलेली गाणी आपोआप सापडतील. न गाजलेली, पण आपल्या घराने जपलेली गीते त्यांना ऐकविण्याचे काम मात्र वडीलधाऱ्यांनीच केले पाहिजे.