खेळण्यातल्या आगगाडीचे फ्रँक हॉर्नबी

मी आणि दादाने दिवाळीच्या सुट्टीत काडेपेट्यांची आगगाडी केली होती. चाके बाटल्यांच्या बुचांची होती. पण भोके वरखाली पडली, त्यामुळे गाडी ओढली की डबे कलंडायचे. गुरुजींनी ती गाडी पाहिली आणि मला फ्रँक हॉर्नबी यांची माहिती लिहायला सांगितली. ती मी लिहीत आहे.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या शहरात झाला. लिव्हरपूल हे मोठे बंदर आहे. तिथून मँचेस्टरपर्यंत १८३० सालीच रेल्वे सुरू झाली होती. म्हणजे फ्रँक जन्मले तेव्हा तिथल्या लोकांना आगगाडीचे काही नवल राहिले नव्हते. त्यांचे वडील खाण्याच्या मालाचे व्यापारी होते. फ्रँक यांनी १६ व्या वर्षी शाळा सोडली आणि ते वडिलांच्याच धंद्यात रोकड सांभाळायला बसले. म्हणजे ते काही इंजिनियर नव्हते. त्यांच्या पत्नी क्लारा मात्र शिक्षिका होत्या.

१८९९ साली वडील वारले. धंदाही बंद पडला. मग फ्रँक एका मांसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायच्या नोकरीला लागले. त्या मालकांचे नाव एलियट. दिवसभर वह्या लिहायच्या आणि घरी आले की आपल्या मुलांसाठी खेळणी करायची, असे त्यांचे चालायचे. मुलांची नावे रोलंड आणि डग्लस. फ्रँक पत्रा कापून पूल करायचे, याऱ्या करायचे. यारी म्हणजे जड ओझे उचलायचे यंत्र. पण प्रत्येक खेळण्याला नवे तुकडे कापायचे म्हणजे किती काम! तेव्हा त्यांना सुचले की सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोके पाडायची. अर्धा अर्धा इंच. मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येते. पूल मोडला की त्याच तुकड्यांची यारी होते.

मला वाटते हीच त्यांची सगळ्यात मोठी युक्ती. आमचे इथेच चुकले होते.

या शोधाचे पेटंट घ्यायला फ्रँक यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यांनी मालकांकडूनच पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ साली पेटंट मिळवले. त्या खेळण्याला पुढे १९०७ साली मेकॅनो हे नाव दिले. ते इतके खपले की १९१४ साली लिव्हरपूलमध्ये बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

आता आगगाडी. त्या काळी इंग्लंडात खेळण्यातल्या पुष्कळ गाड्या जर्मनीतून यायच्या. १९१४ साली महायुद्ध लागले आणि तो माल बंद झाला. युद्ध संपल्यावर १९२० साली हॉर्नबी यांनी आपली गाडी काढली. तिला चावी द्यावी लागायची. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि सुटताना चाके फिरवते. पहिल्या गाड्या मेकॅनोसारख्या नट-बोल्टने जोडलेल्या होत्या, त्या खोलताही यायच्या. (आमच्या घरी घड्याळ खोलले तर मार बसतो.) रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर. पट्टीवर पाहिले तर माझ्या दोन बोटांएवढे भरले.

१९२५ साली विजेची गाडी आली. ती घरातल्या विजेवर चालायची, म्हणून धोक्याची होती. नंतर कमी दाबाच्या विजेवर चालणारी केली. गाडीबरोबर स्टेशन, सिग्नल, बोगदे, पूलही मिळायचे. मुले ते सगळे टेबलावर मांडून पुरी रेल्वे उभी करत. १९२८ साली अशा मुलांचे एक मंडळही कारखान्याने काढले.

हॉर्नबी १९३१ साली पार्लमेंटात निवडून गेले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी ते वारले. त्यांच्या मागून १९३८ साली कारखान्याने आणखी लहान गाडी काढली. तिचे रूळ फक्त साडेसोळा मिलिमीटरवर. बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद पडला. पण हॉर्नबी नावाच्या गाड्या अजून निघतात आणि जुन्या पत्र्याच्या गाड्या मोठी माणसेसुद्धा हौसेने जमवतात.

आमची काडेपेट्यांची गाडी फळीवर ठेवली आहे. येत्या रविवारी दादा पट्टीने मोजून खुणा करणार आणि मी भोके पाडणार.