नांगराच्या कारखान्यातले मासिक

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली, त्यांना गृहपत्रिका म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पहिल्या पानावर साहेबांचा संदेश, आत सुरक्षा सप्ताहाची छायाचित्रे, मग कामगारांच्या मुलांचे दहावी-बारावीचे यश आणि शेवटच्या पानावर एखादी कविता. भोसरीतल्या एका कारखान्यात असताना पाच-सहा वर्षे ही पत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे होते. पगाराच्या दिवशी अंक वाटला जाई आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये आसनांखाली त्यातले बरेचसे अंक सापडत. त्यात कोणाचा दोष नव्हता. कारखान्याने स्वतःविषयी छापलेला कागद घरी नेऊन बायकोला वाचून दाखवावा, असे कोणाला का वाटावे?

आणि तरीही महाराष्ट्रात एक पत्रिका अशी निघाली, की जिची सुरुवात नांगर खपवण्यासाठी झाली आणि पुढे घराघरांत बायका तिची वाट पाहू लागल्या. ती काढणाऱ्या माणसाचे नाव शंकर वासुदेव किर्लोस्कर. मराठी वाचक त्यांना ‘शंवाकि’ म्हणूनच ओळखत आला.

दापोडीहून हॅरिस पूल ओलांडून पुण्याकडे निघाले की खडकी लागते. तिथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला, त्यामुळे आमच्या भागात किर्लोस्कर म्हटले की डोळ्यांपुढे इंजिन येते. शंकररावांच्या लहानपणी मात्र हे नाव काढले की लोकांना नाटक आठवे. ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, आणि कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच. शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. वडील वासुदेवराव सोलापूरला डॉक्टर होते. शंकररावांचा जन्म तिथलाच, ८ ऑक्टोबर १८९१ चा.

मुलाचा ओढा चित्रांकडे होता. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून नावाजले गेले, पण त्या काळात त्यांचा लाहोरला चित्रकलेचा व्यवसाय होता. शंकरराव त्यांच्याकडे चित्रकला शिकायला गेले. सोलापूरचा मुलगा रंग कालवायला लाहोरला जातो आणि परत येऊन नांगराच्या कारखान्यात रुजू होतो, हा प्रवास आज चमत्कारिक वाटेल. पण काकांना तेव्हा नेमक्या अशाच माणसाची गरज होती.

लक्ष्मणरावांची अडचण समजून घेतली पाहिजे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्रावर आणि तिथून लोखंडी नांगरावर आले होते. नांगर चांगला होता, पण खपत नव्हता. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरणाऱ्याला ही समजूत सोडायला सांगणे हे काम लेथवर होणारे नव्हते. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला आणि किर्लोस्करवाडी वसली. आज तो भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. तिथे माल तयार होऊ लागला, पण माल म्हणजे काय हे शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत आणि चित्रांत कोण सांगणार? शंकररावांनी जाहिरातीचे खाते अंगावर घेतले.

या खात्यातूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. गिऱ्हाईक आणि विक्रेते यांच्याशी कारखान्याचा संबंध राहावा, एवढाच तिचा हेतू होता. आमच्या भोसरीच्या पत्रिकेचा हेतू याहून फार वेगळा नव्हता. फरक पडला तो शंकररावांनी एक गोष्ट लवकर ओळखली म्हणून. नांगराबद्दल नांगर विकणाऱ्याने किती बोलावे याला मर्यादा असते. पण नांगर घेणाऱ्या माणसाला नवे काही करून पाहावेसे वाटावे, यासाठी कितीही बोलता येते. मग अंकात उद्योगाच्या हकिकती आल्या, स्वावलंबनाने वर आलेल्या माणसांची चरित्रे आली, परदेशांतल्या गोष्टी आल्या. विनोद आला, व्यंगचित्रे आली, कथा आल्या. हाताशी स्वतःची चित्रकला होतीच. ज्यांचा नांगराशी काही संबंध नव्हता असे लोकही अंक मागू लागले. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि मासिक नुसते ‘किर्लोस्कर’ झाले.

हे सारे एका आडगावच्या माळावरून चालले होते, हे मला फार मोलाचे वाटते. मासिक काढायचे तर पुण्या-मुंबईत, जिथे लेखक आहेत, छापखाने आहेत, चहाच्या दुकानात चर्चा करणारे आहेत, तिथेच काढावे असा आपला समज असतो. वाडीत होते काय? रेल्वेचे स्टेशन, पोस्ट आणि कारखाना. छपाई वाडीतच होई. लेखकांशी व्यवहार पत्रांनी, वर्गणीदारांशी मनीऑर्डरने आणि व्ही.पी.ने. कदाचित याच कारणाने शंकररावांना लेखकांच्या गटबाजीपेक्षा वाचकांची पत्रे अधिक जवळची वाटली असावीत. लेखकही वाडीत पिकले. ‘गोट्या’ आणि ‘दाजी’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर किर्लोस्करवाडीत नोकरीला होते. कारखान्यातला माणूस उत्तम विनोदी लिहू शकतो, हे तिथे कोणाला नवल वाटले नाही.

१९३० च्या ऑगस्टमध्ये शंकररावांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. १९३४ साली तरुणांसाठी ‘मनोहर’ आले. तीन मासिके एका घरातून निघू लागली आणि कारखान्याच्या जाहिरात खात्याची रीतसर प्रकाशन संस्था झाली. या तिघांत मला विचाराल, तर सर्वांत मोठे काम ‘स्त्री’ने केले. स्त्रियांसाठी मासिके पूर्वीही होती, पण त्यातली पुष्कळशी स्त्रीला काहीतरी शिकवायला बसलेली असत. ‘स्त्री’मध्ये बायका स्वतः लिहू लागल्या. लग्न, हुंडा, शिक्षण, नोकरी, विधवेचे जिणे, संततिनियमन, या गोष्टी माजघरात कुजबुजण्याच्या होत्या. त्या छापील पानावर आल्या, आणि तेही भरतकाम आणि पाककृतींच्या शेजारी. हा शेजार महत्त्वाचा. अंक घरात शिरायला पाककृतीची वाट होती आणि एकदा शिरल्यावर बाकीचे लेखही त्याच दिव्याखाली वाचले जात. घरातल्या कर्त्या पुरुषाने आक्षेप घ्यावा तर कशाला, लोणच्याला?

‘किर्लोस्कर’चा रोख जास्त उघड होता. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञान, यंत्र आणि रूढी यांवरचे निबंध या मासिकाने छापले. धर्मग्रंथ आजच्या प्रश्नांना पुरे पडत नाहीत, गाय हा उपयुक्त पशू आहे, यंत्राला भिण्याचे कारण नाही, अशा विचारांनी अनेक वाचक दुखावले गेले. आता इथे शंकररावांची खरी परीक्षा होती. मासिकावर नाव कारखान्याचे, कारखान्याचे गिऱ्हाईक शेतकरी. लेख वाचून चिडलेल्या माणसाने उद्या नांगर दुसऱ्याचा घेतला तर? जाहिरात खात्यातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने हात आखडता घेतला असता. मी घेतला असता. आमच्या पत्रिकेत पगारवाढीवरची एक निरुपद्रवी कोपरखळीसुद्धा छापताना वरच्या मजल्यावर जाऊन यावे लागे. शंकररावांनी हात आखडला नाही, आणि लक्ष्मणरावांनीही तो धरला नाही. लक्ष्मणराव स्वतः कर्मकांड न मानणारे होते, हे खरे. पण मते असणे वेगळे आणि पुतण्याच्या मासिकासाठी धंद्याला झळ लागू देणे वेगळे. तिकडे देशात चरख्याचे वारे वाहत असताना यंत्राची बाजू घेऊन उभे राहायलाही थोडी छाती लागत असेल.

या चरित्राला एक दुखरी जागा आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीही सापडली. कारखान्याची जाळपोळ झाली. ज्या माळावर लक्ष्मणरावांनी जातपात न पाहता माणसे जोडली, त्याच माळावर हे घडले. कुंडलचा तो परिसर काही वर्षांपूर्वीच नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मुलूख होता. जागा झालेला, धगधगता. ती आग समर्थनीय नव्हती आणि तिला शंकररावांचे मासिक जबाबदार नव्हते. तरी मला एक प्रश्न पडतो. १९२० ची ‘खबर’ ज्याच्यासाठी निघाली तो नांगर धरणारा माणूस १९४८ पर्यंत मासिकाच्या वाचकांत किती उरला होता? ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ यांचा वाचक तोपर्यंत वकील, मास्तर, कारकून आणि त्यांच्या घरच्या बायका असा झाला होता. सुधारणा त्यांच्या घरात पोचली, हे मोठेच झाले. पण वाडीच्या कुंपणापलीकडच्या घरांत कोणते मासिक जात होते? आमच्या पट्ट्यात सातारा, सांगली, सोलापूरहून हजारो माणसे कामाला आली. त्यातल्या कित्येकांशी माझे बोलणे झाले आहे. किर्लोस्करचा नांगर त्यांच्या आजोबांकडे असायचा, किर्लोस्करचे मासिक मात्र मास्तरांच्या घरी पाहिलेले असायचे.

शंकररावांनी आगीनंतर काम सोडले नाही. वाडी पुन्हा उभी राहिली, मासिकेही निघत राहिली. हळूहळू सूत्रे चिरंजीव मुकुंदरावांकडे गेली आणि पुढे मासिकांचे बिऱ्हाड पुण्याला आले. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. शंकररावांनी त्यांचे चरित्र लिहिले, ‘यांत्रिकाची यात्रा’. पुतण्याने काकांवर लिहिलेले असूनही त्यात आरती ओवाळलेली नाही. फसलेले प्रयोगही त्यात जागा धरून आहेत. घराण्यातल्या कोणाचे चरित्र लिहायला बसणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. १९७४ साली त्यांचे आत्मकथन ‘शंवाकीय’ आले. १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. मुकुंदराव आणि त्यांच्या पत्नी शांताबाई यांनी मासिके नेटाने चालवली. ‘मनोहर’ दत्ता सराफांच्या हाती साप्ताहिक झाले आणि सत्तरच्या दशकातल्या तरुणांचे आवडते झाले. ‘स्त्री’मध्ये विद्या बाळ आल्या, १९८३ मध्ये संपादक झाल्या, आणि लेखणीबरोबर मोर्चाचीही भाषा आली. पण कागदाचे, छपाईचे भाव चढत होते. दूरदर्शन घरात शिरले होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिन्ही मासिके किर्लोस्करांच्या हातून गेली. शांताबाईंनी त्यांचा इतिहास लिहिला, त्याचे नाव ‘गोष्ट पासष्टीची’. विद्या बाळांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढले, तेव्हा ‘स्त्री’चे अनेक वाचक त्यांच्यामागून तिकडे गेले.

जुन्या ग्रंथालयांत ‘किर्लोस्कर’चे बांधीव खंड अजून भेटतात. सुरुवातीच्या वर्षांचा एखादा हाती आला तर मजकुराइतक्याच त्यातल्या जाहिरातीही वाचाव्यात. नांगर आहे, उसाचा चरक आहे, पंप आहे. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर आजही गाड्या थांबतात आणि कारखान्यात पंप तयार होतात.